आधाराची साधने

अर्धांगवायू, मोडलेले हाड किंवा संधिवात यांवर उपचार घेऊन मनुष्य घरी परततो, तेव्हा त्याचे दुखणे संपलेले असतेच असे नाही. औषध ठरलेल्या वेळीच घ्यावयाचे असते. परंतु उठणे, चालणे, जेवणे ही कामे दिवसभर चालूच राहतात. प्रत्येक वेळी दुसऱ्यास हाक मारावी लागली, म्हणजे शरीराबरोबर मनही खचते. अशा वेळी अल्प किमतीची साधी साधने मोठा आधार देतात.

त्यांतील फार जुने साधन म्हणजे काठी. काठी मजबूत असावी, तशीच ती मापाचीही असावी. मनुष्य नेहमीची पादत्राणे घालून ताठ उभा राहिला व त्याने हात सैल सोडले, म्हणजे काठीची मूठ त्याच्या मनगटाच्या घडीपर्यंत यावी. अशी काठी धरली असता कोपर किंचित वाकते व भार पेलणे सोपे जाते. काठी फार उंच असल्यास खांदा वर उचलला जातो. फार आखूड असल्यास कंबर वाकते. टोकास रबरी टोपी बसवावी, म्हणजे काठी सहसा घसरत नाही. झिजलेली टोपी वेळीच बदलावी.

काठी दुखऱ्या पायाच्याच बाजूस धरावी, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः ती बहुधा विरुद्ध हातात धरावयाची असते. चालताना एक पाय व त्याच्या विरुद्ध बाजूचा हात एकदमच पुढे येतात. त्यामुळे दुखऱ्या पायाबरोबर काठीही टेकते, भार दोहोंत वाटला जातो आणि तोल टिकतो.

जेवणासाठीही असेच उपाय आहेत. मूठ घट्ट वळत नसेल, तर चमच्याच्या दांड्यास कापडाची पट्टी गुंडाळावी. जाड दांडा सैल मुठीतही राहतो. एका हाताने जेवणाऱ्यास उभ्या काठाचे ताट द्यावे. काठाचा आधार मिळून अन्न चमच्यात घेता येते. ताटाखाली ओलसर फडके अंथरले, की ताट सरकत नाही.

परंतु साधन आणून दिले, म्हणजे घरच्यांचे कर्तव्य संपले असे नाही. काठी रुग्णाच्या हाताशी ठेवावी, वाटेतील पाणी पुसावे आणि त्याला घाई करू नये. आजाऱ्यास घास भरवणे ही माया खरीच. पण जो स्वतः जेवू शकतो, त्याला सावकाश जेवू देणे, हीदेखील मायाच होय.