ध्वनिक्षेपकांची पहिली जोडी

दिल्लीत लाल किल्ल्यासमोर, चांदणी चौकाच्या तोंडाशी, लाजपतराय मार्केट आहे. वर्धक, तारा, कंडेन्सर आणि नाना आकारांचे स्पीकर विकणारी लहानलहान दुकाने तेथे एकमेकांना खेटून उभी आहेत. एखादा हौशी विद्यार्थी तेथून दोन स्पीकर विकत आणतो, घरी टेबलावर ठेवतो आणि मोठ्या उत्सुकतेने वर्धकाला जोडतो. पाहतो तो काय, तबल्यातील डग्गा जणू नाहीसाच झाला आहे आणि गायकाचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा लागतो आहे. आपली फसगत झाली असे समजून तो अधिक महाग स्पीकर आणावयास निघतो.

वास्तविक दोष स्पीकरचा नसतो, आणि अधिक किंमत मोजल्याने तो दूरही होत नाही. बाजारात ज्याला ‘स्पीकर’ म्हणतात ते अर्धे वाद्य होय. उरलेले अर्धे म्हणजे त्याची पेटी. सतारीचा भोपळा काढून टाकला तर नुसत्या तारांकडून जी अपेक्षा करता येईल, तीच पेटीवाचूनच्या स्पीकरकडून करता येते. स्पीकर व पेटी मिळून जो सिद्ध होतो त्याला या लेखात ध्वनिक्षेपक म्हटले आहे. त्यांची पहिली जोडी घरी कशी बनवावी, आणि कोणत्या गोष्टीवर तिचे यश अवलंबून असते, ते पुढे क्रमाने सांगितले आहे.

शंकूच्या दोन बाजू

स्पीकरची रचना साधी आहे. लोहचुंबकाच्या अरुंद वर्तुळाकार फटीत तांब्याच्या बारीक तारेचे एक वेटोळे असते व ते कागदाच्या शंकूला चिकटविलेले असते. वर्धकाकडून आलेला विद्युत्प्रवाह वेटोळ्यातून जसजसा बदलत जातो, तसतसे ते पुढेमागे सरकते आणि शंकू हवेला ढकलतो व ओढतो. अमेरिकेतील चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग यांनी १९२५ साली या रचनेचे शास्त्रशुद्ध विवेचन केले. आजचे बहुतेक स्पीकर त्याच तत्त्वावर चालतात.

शंकूला दोन बाजू असतात, यातच अडचणीचे मूळ आहे. शंकू पुढे सरकला की समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणून सेकंदास १०० कंपने, म्हणजे १०० हर्ट्झ, असलेल्या स्वराची तरंगलांबी सुमारे ३.४ मीटर असते. तिच्यापुढे १० सेंटिमीटर रुंदीचा शंकू म्हणजे काहीच नव्हे. पुढचा दाब कडेवरून वळसा घेऊन मागच्या विरळ हवेत मिसळतो आणि दोघे एकमेकांचा नाश करतात. उंच स्वरांच्या लहरी आखूड असल्यामुळे त्या या नाशातून वाचतात. ऐकू येतो तो एवढाच उरलेला किरटा आवाज.

हे प्रत्यक्ष पाहावयाचे असेल तर जाड पुठ्ठ्याच्या मोठ्या तुकड्याला स्पीकरच्या मापाचे भोक पाडावे आणि वाजता स्पीकर त्या भोकामागे घट्ट धरावा. हरवलेला डग्गा पुष्कळसा परत येतो. पुठ्ठ्याने काही निर्माण केले नाही. पुढची व मागची हवा त्याने वेगळी केली, इतकेच. पेटी हेच काम पूर्णत्वाने करते. यास्तव पेटीला एखादी बारीक फट राहिली तरी तिच्या उद्देशालाच बाध येतो.

पेटी किती मोठी असावी?

बंद पेटीतील हवा स्प्रिंगसारखी वागते. पेटी लहान असेल तितकी ही स्प्रिंग ताठ होते. अमेरिकेतील एडगर व्हिल्चर यांनी १९५४ साली याच हवेच्या स्प्रिंगचा जाणीवपूर्वक उपयोग करून दाखविला. मंद्र स्वरांसाठी कपाटाएवढी पेटी लागते हा तोवरचा समज त्यामुळे मागे पडला. पुढे ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ साली, व नंतर रिचर्ड स्मॉल यांनी, स्पीकरचे गुण थोड्या संख्यांत मांडून पेटीचे माप गणिताने काढण्याची रीत घालून दिली.

त्यांपैकी तीन संख्या पहिल्या जोडीला पुरतात. पहिली ‘एफएस’, मोकळा स्पीकर स्वभावतः ज्या कंपनसंख्येला डोलतो ती. दुसरी ‘क्यूटीएस’, हे डोलणे किती आवरलेले आहे हे ती दाखविते. तिसरी ‘व्हीएएस’, स्पीकरच्या स्वतःच्या ताणाइतकी ताठ अशी हवा किती लिटर असेल, ते ती सांगते. चांगल्या स्पीकरबरोबर येणाऱ्या माहितीपत्रकात या तिन्ही दिलेल्या असतात. ज्याचे माहितीपत्रक मिळत नाही तो स्पीकर, कितीही देखणा असला तरी, पहिल्या जोडीसाठी घेऊ नये.

हिशेब असा करावा. ०.७०७ या संख्येला क्यूटीएसने भागावे, भागाकाराचा वर्ग करावा आणि त्यातून १ वजा करावा. आलेल्या संख्येने व्हीएएसला भागले की पेटीचे आकारमान लिटरमध्ये मिळते. समजा, एका फुल-रेंज स्पीकरचा एफएस ६० हर्ट्झ, क्यूटीएस ०.५ व व्हीएएस १० लिटर आहे. ०.७०७ भागिले ०.५ म्हणजे १.४१४; त्याचा वर्ग २; त्यातून १ वजा जाता १ उरतो. म्हणून पेटी १० लिटरची हवी. पेटीत बसविल्यावर स्पीकरची स्वाभाविक कंपनसंख्या ६० ला १.४१४ ने गुणून, म्हणजे सुमारे ८५ हर्ट्झ, येते. क्यूटीएस ०.७ च्या जवळ असेल तर या हिशेबाने पेटी अवाढव्य निघते. असा स्पीकर या कामास योग्य नाही.

८५ हर्ट्झ पुरेसे आहे काय? काळी एक पट्टीत गाणाऱ्या गायकाच्या तंबोऱ्यातील खर्ज सुमारे ६९ हर्ट्झचा असतो. वरील पेटीतून तो सुमारे ५ डेसिबलने क्षीण होईल. परंतु तंबोऱ्याच्या स्वराचे वैभव मूळ कंपनापेक्षा त्याच्या पटीतील उपस्वरांत अधिक असते. जवारीमुळे हे उपस्वर कसे खुलतात याचा अभ्यास चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ च्या सुमारास केला होता. उपस्वर नीट ऐकू आले तर कान मूळ स्वराची उणीव बऱ्याच अंशी भरून काढतो. तेव्हा लहान, पण प्रामाणिक पेटीत खर्ज ओळखू येतो.

स्पीकरवर छापलेल्या वॉटच्या आकड्यांनीही भुलू नये. १ वॉट शक्तीला १ मीटरवर ८७ डेसिबल आवाज देणारा स्पीकर १० वॉटला ९७ डेसिबल देतो. बैठकीच्या खोलीस, आणि शेजाऱ्यांसही, तेवढे पुरे होते.

लाकूड, जोड आणि दिल्लीचा ऋतू

पेटीसाठी १८ मिलिमीटर जाडीचे प्लायवूड अथवा एमडीएफ घ्यावे. कीर्तिनगरच्या लाकूड बाजारात ते मिळते. आतील माप १८ × २० × २९ सेंटिमीटर ठेवले तर आकारमान १०.४ लिटर होते. त्यातील थोडी जागा स्पीकरचे मागचे अंग व्यापते. प्रत्येक पेटीस पुढची व मागची फळी २१.६ × ३२.६, दोन बाजू २० × ३२.६ आणि माथा व तळ १८ × २० सेंटिमीटर, अशा सहा फळ्या लागतात. दोन्ही पेट्यांच्या मिळून बारा फळ्यांचे क्षेत्रफळ सुमारे ०.६९ चौरस मीटर भरते. हे ८ × ४ फुटी तावाच्या पाव भागाहून कमी असले, तरी तुकडे पाव तावात नीट बसत नाहीत. म्हणून अर्धा ताव घ्यावा. घरी हाताने करवत चालविण्यापेक्षा दुकानातील यंत्रावर सर्व फळ्या एकाच बैठकीत कापून घेणे श्रेयस्कर. समान मापाच्या फळ्या लागोपाठ कापल्या म्हणजे दोन्ही पेट्या तंतोतंत सारख्या होतात.

दिल्लीच्या थंडीत पारा ५ अंशांपर्यंत उतरतो आणि उन्हाळ्यात ४५ पर्यंत चढतो. तेवढ्याने ध्वनीचा वेग सेकंदाला ३३४ पासून ३५८ मीटरपर्यंत बदलतो. पण या लहान पेटीच्या कामात त्याचा परिणाम जाणवत नाही. लाकडावर मात्र ऋतूचा परिणाम मोठा. मे-जूनच्या कोरड्या लूने सलग लाकडाची फळी आकसते, श्रावणात ती फुगते आणि जोड उघडतात. प्लायवूडमधील थर एकमेकांशी काटकोनात असल्यामुळे ते असे हलत नाही. एमडीएफच्या कापलेल्या कडा ओल शोषतात. म्हणून त्यांस व्हार्निशचा हात अवश्य द्यावा.

फळ्यांचे कोन गुण्याने तपासावेत, जोडाला पांढरा सरस भरपूर लावावा आणि सुकेपर्यंत शिकंज्यात आवळून ठेवावे. सुकल्यावर आतून सर्व कोपऱ्यांत सरसाचा आणखी एक थर द्यावा. स्पीकरचे भोक पाडणे, घासणे वगैरे सर्व काम स्पीकर दूर ठेवून उरकावे. त्याच्या फटीत लोखंडाचा कीस शिरला तर लोहचुंबक तो सोडीत नाही आणि वेटोळे खरखरू लागते. पेटीत उशीत भरतात तसला पॉलिएस्टरचा पोल सैल भरावा. आतल्या आत घुमणारा ध्वनी तो शोषून घेतो. तारा ज्या भोकातून बाहेर येतात ते भोक बुजवावे, स्पीकरच्या कडेखाली फोमची पट्टी घालावी व मगच स्क्रू आवळावेत.

पेटी हवाबंद झाली की नाही हे उदबत्तीने कळते. ५० हर्ट्झचा स्वर हलक्या आवाजात लावून पेटलेली उदबत्ती जोडांजवळून हळूहळू फिरवावी. जेथे धुराची रेघ थरथरते तेथे फट आहे असे समजावे.

दोन म्हणजे जोडी नव्हे

एका ध्वनिक्षेपकाने संगीत ऐकू येते. दोहोंनी त्याला जागा मिळते. इंग्लंडमधील अ‍ॅलन ब्लूमलिन यांनी १९३१ साली या द्विमार्गी, म्हणजे स्टीरिओ, ध्वनीच्या पेटंटसाठी अर्ज केला. एका कानाला ध्वनी दुसऱ्यापेक्षा किंचित आधी व किंचित मोठा ऐकू येतो, यावरून आपल्याला दिशा कळते. दोन कानांतील हा कालभेद फार तर एका मिलिसेकंदाच्या दोन-तृतीयांशाएवढा असतो. इतक्या सूक्ष्म भेदावर सारा आभास उभा असल्याने दोन ध्वनिक्षेपकांत थोडाही फरक चालत नाही. दोन्ही स्पीकर एकाच प्रकारचे आणि शक्य तर एकाच वेळी बनलेले असावेत.

सर्वांत अधिक घडणारी चूक तारांची असते. १.५ व्होल्टची सेल स्पीकरच्या टर्मिनलांना क्षणभर लावावी. धन टोक धन खुणेला लागले असता शंकू पुढे यावयास हवा. दोन्ही स्पीकर या कसोटीने तपासून वर्धकाला सारख्याच रीतीने जोडावेत. एकाच्या तारा उलट झाल्या तर एक शंकू पुढे जाताना दुसरा मागे जातो. मग पेट्या कितीही हवाबंद असल्या तरी, आरंभी सांगितलेला नाश आता त्या दोहोंच्या दरम्यान, खोलीच्या हवेत, सुरू होतो. मंद्र स्वर लोपतात व गायक नेमका कोठे आहे ते कळेनासे होते.

अखेरची परीक्षा

दोन्ही पेट्या सुमारे दोन मीटर अंतरावर, कानाच्या उंचीला ठेवाव्यात आणि ऐकणाराने त्यांच्याशी समभुज त्रिकोण साधून बसावे. तो एकीकडे अवघा ३४ सेंटिमीटर अधिक जवळ असला, तरी तिकडचा ध्वनी एक मिलिसेकंद आधी पोहोचतो आणि सारे गाणे त्या बाजूला ओढले जाते. दिल्लीतील अनेक घरांत जमीन फरशीची व भिंती उघड्या असल्याने आवाज फार घुमतो. समोर एक सतरंजी व मागे जाड पडदा एवढ्यानेही पुष्कळ सुधारणा होते. मंद्र स्वर अद्याप अपुरे वाटले तर पेट्या भिंतीच्या थोड्या जवळ सरकवाव्यात.

आता एखाद्या गायकाचे परिचित ध्वनिमुद्रण लावावे व डोळे मिटावेत. पेट्या सारख्या, हवाबंद व सुलट जोडलेल्या असतील तर गायकाचा आवाज डावीकडून वा उजवीकडून न येता दोहोंच्या मधोमध, जेथे काहीच ठेवलेले नाही, तेथून येतो. नंतर एका पेटीच्या तारा मुद्दाम उलट कराव्यात, आवाज विखुरतो. पुन्हा सुलट कराव्यात. गायक आपल्या जागी परत येतो. ज्याने हा बदल एकदा कानाने ओळखला, त्याला पुढे बाजारात गेल्यावर किमतीची पट्टी आधी पाहावी लागत नाही. तो दुकानदाराकडे प्रथम माहितीपत्रक मागतो.