तंदुरुस्ती: दम, ताकद आणि टेबललँडची चढण

आजार नाही म्हणून माणूस तंदुरुस्त ठरत नाही. रोजची कामे फार न थकता उरकावीत आणि वर थोडी शक्ती शिल्लक राहावी, ही रूढ व्याख्या.

● घटक पाच: हृदय-फुफ्फुसांचा दमसास, स्नायूंची ताकद, स्नायूंचा टिकाव, लवचिकता आणि शरीरातील चरबीचे प्रमाण. जड पोते एकदाच उचलणे ही ताकद. जोरांमागून जोर काढत राहणे हा टिकाव. वजनकाट्याला मात्र चरबी आणि स्नायू यांतला फरक कळत नाही.

● पाचगणीची हवा: उंची सुमारे १,२९० मीटर. हवेतील प्राणवायूचा वाटा मुंबईइतकाच, २१ टक्के. हवेचा दाब मात्र समुद्रसपाटीपेक्षा सुमारे १४ टक्के कमी. गावालगतच्या टेबललँड पठाराच्या पायऱ्यांवर पाहुण्यांना लागणाऱ्या धापेत या दाबाचा वाटा थोडा, सवय नसण्याचा जास्त.

● पाचगणीच्याच सातारा जिल्ह्यातील तंदुरुस्तीचे दोन नमुने: कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. १९५२, हेलसिंकी ऑलिंपिक, फ्रीस्टाइल कुस्तीत बँटमवेट गटाचे कांस्यपदक. स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. माण तालुक्यातील मोहीची ललिता बाबर. २०१६, रिओ, ३,००० मीटर स्टीपलचेस. प्राथमिक फेरीत ९ मिनिटे १९.७६ सेकंद, अंतिम फेरीत दहावी. एकाची मातब्बरी पकडीत, दुसरीची दमसासात.

● किती व्यायाम? जागतिक आरोग्य संघटना, २०२०: प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस, शिवाय दोन दिवस ताकदीचा. मुलांना रोज सरासरी ६० मिनिटे.

● मध्यम म्हणजे? चालताना बोलता येते, गाता येत नाही.