अमेरिकेचे खासदार कायदेही करतात आणि शेअर्सही घेतात. मग यावर बंदी का येत नाही?

‘या नेत्याने शेअर घेतला, तुम्हीही घ्या’ असं सांगणारे रील्स आणि पोस्ट तुमच्याही फीडमध्ये येऊन गेले असतील. अमेरिकी खासदारांच्या शेअर व्यवहारांवर नजर ठेवणारी अनेक खाती सोशल मीडियावर आहेत. फेब्रुवारी २०२३मध्ये तर अमेरिकेच्या बाजारात या व्यवहारांवर आधारित दोन ईटीएफ फंडही आले. एक डेमोक्रॅट खासदारांच्या गुंतवणुकीच्या मागे जाणारा, दुसरा रिपब्लिकन खासदारांच्या. डेमोक्रॅट फंडाचं बाजारातलं नाव ‘नॅन्सी’. हा टोमणा अर्थातच माजी सभापती नॅन्सी पेलोसी यांना होता.

मीम्स मजेशीर असले तरी त्यामागचा प्रश्न गंभीर आहे. ज्यांच्या एका मतावर कंपन्यांचं नशीब ठरतं, त्यांनी त्याच कंपन्यांचे शेअर्स घ्यावेत का?

नेमका आक्षेप काय?

अमेरिकेच्या संसदेला काँग्रेस म्हणतात. प्रतिनिधीगृह आणि सिनेट मिळून तिचे ५३५ सदस्य आहेत. औषधांच्या किमती, संरक्षण खात्याची कंत्राटं, बँकांचे नियम, टेक कंपन्यांच्या चौकश्या हे सगळं त्यांच्या समित्यांसमोर येतं. अनेक गोष्टी सामान्य गुंतवणूकदाराच्या आधी त्यांच्या कानावर पडतात.

इथे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिला इनसायडर ट्रेडिंगचा, म्हणजे जाहीर न झालेली माहिती वापरून पैसे कमावण्याचा. दुसरा हितसंबंधांचा. गुप्त माहिती वापरली नाही, तरी स्वतःचे पैसे ज्या कंपनीत आहेत तिच्याबद्दल खासदार निष्पक्ष निर्णय घेईल का? सरकारी खात्यांतले अधिकारी आर्थिक हितसंबंध असलेल्या विषयात निर्णय घेऊ लागले तर तो फौजदारी गुन्हा ठरतो. खासदारांना मात्र तो कायदा लागू नाही.

‘न्यूयॉर्क टाइम्स’ने २०२२ साली २०१९ ते २०२१ या काळातल्या व्यवहारांची छाननी केली. तेव्हा ९७ खासदारांनी किंवा त्यांच्या जवळच्या कुटुंबीयांनी अशा कंपन्यांत व्यवहार केल्याचं दिसलं, ज्यांच्यावर त्या खासदारांच्या समितीच्या कामाचा परिणाम होऊ शकत होता.

सध्याचा कायदा काय सांगतो?

४ एप्रिल २०१२ रोजी तत्कालीन राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी ‘स्टॉक अ‍ॅक्ट’वर सही केली. संसदेच्या कामातून मिळालेली गुप्त माहिती वैयक्तिक फायद्यासाठी वापरायची नाही, हे त्यात स्पष्ट करण्यात आलं. शिवाय एक हजार डॉलर्सपेक्षा मोठा प्रत्येक व्यवहार जास्तीत जास्त ४५ दिवसांत जाहीर करणं बंधनकारक झालं. पती किंवा पत्नीचे व्यवहारही त्यात येतात.

थोडक्यात, शेअर घ्यायला बंदी नाही. फक्त सांगायचं.

सांगायला उशीर झाला तर? पहिला दंड साधारण २०० डॉलर्स, आणि तोही माफ होऊ शकतो. लाखो डॉलर्सचे व्यवहार करणाऱ्यांसाठी ही रक्कम किरकोळच. त्यातही नेमका आकडा द्यावा लागत नाही. ‘१५,००१ ते ५०,००० डॉलर्स’ असा गट लिहिला की काम झालं.

करोनाकाळात काय घडलं?

फेब्रुवारी २०२०. रिचर्ड बर हे तेव्हा सिनेटच्या गुप्तचर समितीचे अध्यक्ष होते. साथीला तोंड द्यायला अमेरिका सज्ज आहे, अशा आशयाचा त्यांचा लेख ७ फेब्रुवारीला प्रसिद्ध झाला. १३ फेब्रुवारीला त्यांनी ३३ व्यवहारांत शेअर्स विकले. त्यांची किंमत ६ लाख २८ हजार ते १७ लाख डॉलर्सच्या दरम्यान होती. पुढच्या काही आठवड्यांत एस अँड पी ५०० निर्देशांक उच्चांकावरून सुमारे ३४ टक्के कोसळला.

आपण फक्त जाहीर बातम्यांच्या आधारे विक्री केली, असं बर यांचं म्हणणं होतं. मे २०२०मध्ये एफबीआयने त्यांचा फोन ताब्यात घेतला आणि त्यांनी समितीचं अध्यक्षपद सोडलं. पण जानेवारी २०२१मध्ये न्याय विभागाने कोणताही आरोप न ठेवता चौकशी बंद केली. २०१२ साली सिनेटमध्ये स्टॉक अ‍ॅक्ट ९६ विरुद्ध ३ मतांनी मंजूर झाला, तेव्हा विरोधात मत देणाऱ्या तिघांत बर होते.

शिक्षा कुणालाच झाली नाही का?

रिपब्लिकन प्रतिनिधी ख्रिस कॉलिन्स यांना झाली, पण वेगळ्या कारणाने. ते एका औषध कंपनीच्या संचालक मंडळावर होते. जून २०१७मध्ये कंपनीच्या औषधाची चाचणी फसल्याचा ईमेल त्यांना आला. तेव्हा ते व्हाइट हाउसच्या हिरवळीवर खासदारांच्या सहलीत होते. तिथूनच त्यांनी मुलाला फोन केला आणि बातमी जाहीर होण्याआधी शेअर्स विकले गेले. २०१९मध्ये त्यांनी गुन्हा कबूल केला, जानेवारी २०२०मध्ये २६ महिन्यांची शिक्षा झाली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी त्यांना माफी दिली.

ही माहिती त्यांना संचालक म्हणून मिळाली होती, खासदार म्हणून नव्हे. त्यामुळे प्रकरण इनसायडर ट्रेडिंगच्या नेहमीच्या कायद्यात बसलं. संसदेतून मिळालेल्या माहितीचं तसं नाही. खासदाराने कोणत्या माहितीमुळे शेअर विकला हे सिद्ध करणं अवघड असतं. शिवाय अमेरिकी राज्यघटना खासदारांच्या संसदीय कामकाजाला खास संरक्षण देते. त्यामुळे समितीत काय बोललं गेलं, हे पुरावा म्हणून वापरण्यावर मर्यादा येतात.

खासदार खरंच बाजाराला हरवतात?

इथे सोशल मीडियावरचं चित्र आणि अभ्यासातलं चित्र वेगळं आहे. १९९३ ते १९९८ या काळातल्या व्यवहारांवरचा एक अभ्यास २००४ साली आला. सिनेटर्सनी बाजारापेक्षा वर्षाला सुमारे १२ टक्के जास्त कमावल्याचं त्यात दिसलं. मात्र २००४ ते २००८ या काळाच्या अभ्यासात खासदारांची सरासरी कमाई बाजारापेक्षा कमीच निघाली. म्हणजे प्रत्येक खासदार शेअर बाजाराचा जादूगार नाही. पण मुद्दा फक्त नफ्याचा नाही. तोटा झाला तरी हितसंबंध उरतोच.

मग बंदी का अडली?

डिसेंबर २०२१मध्ये पेलोसी यांनी बंदीला विरोध केला होता. अमेरिका ही मुक्त बाजारपेठ आहे, खासदारांनाही तिथे भाग घेता यायला हवा, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्यांच्या नावाने गाजणारे व्यवहार त्यांचे पती करतात. टीका वाढल्यावर त्यांची भूमिका बदलली.

बंदीच्या विरोधकांकडे आणखीही मुद्दे आहेत. खासदाराचा पगार २००९पासून वर्षाला १ लाख ७४ हजार डॉलर्सवर थांबला आहे. गुंतवणूकही बंद केली तर चांगले लोक राजकारणात येणार नाहीत, असं ते म्हणतात. समर्थकांचं उत्तर सोपं आहे: इंडेक्स फंड घ्या, सरकारी रोखे घ्या, फक्त एकेका कंपनीचे शेअर्स नकोत.

जुलै २०२५मध्ये रिपब्लिकन सिनेटर जोश हॉली यांचं विधेयक समितीत ८ विरुद्ध ७ मतांनी पुढे गेलं. त्यांच्या पक्षातून होकार देणारे ते एकटेच. बाकी मतं डेमोक्रॅट्सची. राष्ट्राध्यक्ष आणि उपराष्ट्राध्यक्षांनाही त्यात धरलं होतं, मात्र सध्याचा कार्यकाळ वगळून. तरीही ट्रम्प यांनी हॉली यांच्यावर जाहीर टीका केली. २०२३च्या मेरीलँड विद्यापीठाच्या सर्वेक्षणात ८६ टक्के लोक बंदीच्या बाजूने होते. दोन्ही पक्षांचे मतदार यावर एकत्र आहेत. पण बंदीवर मत द्यायचं आहे ते ज्यांच्यावर बंदी येणार त्यांनीच.

रील पाहून शेअर घ्यावा का?

‘अमुक नेत्याने घेतला’ असं सांगणाऱ्या पोस्टमधली माहिती दीड महिना जुनी असू शकते. रक्कम अंदाजे असते आणि व्यवहार नेत्याच्या जोडीदाराचाही असू शकतो. तोवर भाव कुठच्या कुठे गेलेला असतो. या नोंदींचा खरा उपयोग नेत्याची नक्कल करण्यासाठी नाही. त्याने कोणत्या समितीत बसून कोणत्या कंपनीबद्दल काय मत दिलं, हे ताडून पाहण्यासाठी त्या जाहीर होतात.