दुखण्याआधी रक्तात दिसणारा आमवात

मागच्या कार्यक्रमानंतर एका ताईंचा फोन आला. त्यांच्या आईची बोटं आमवाताने वाकडी झालेली. म्हणून एका तपासणी शिबिरात ताईंनी स्वतःचंही रक्त दिलं, आणि रिपोर्टवर छापून आलं, ‘आर.ए. फॅक्टर पॉझिटिव्ह’. एकही सांधा दुखत नाही, पण त्या दिवसापासून झोप उडाली. “मलाही आईसारखंच होणार का हो?” आज त्यावरच बोलू.

वयाने गुडघे झिजतात, तो हा आजार नव्हे. आमवातात आपलं संरक्षण करणारी शरीराची यंत्रणाच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. बायकांमध्ये तो पुरुषांच्या दोन-तीन पट आढळतो. ही यंत्रणा बिघडू लागली की रक्तात काही प्रतिद्रव्यं तयार होतात. आर.ए. फॅक्टर त्यातलं जुनं, नॉर्वेच्या एरिक वालर यांनी १९४० साली नोंदवलेलं. दुसरं अँटी-सीसीपी.

आता गंमत पाहा. ॲमस्टरडॅममध्ये रक्तदात्यांचं जपून ठेवलेलं रक्त संशोधकांनी पुन्हा तपासलं आणि २००४ साली निष्कर्ष छापले. पुढे आमवात झालेल्या ७९ जणांपैकी जवळजवळ निम्म्यांच्या रक्तात दुखणं सुरू होण्याआधीच या दोहोंपैकी एक तरी सापडलं होतं, साधारण साडेचार वर्षं आधी! दूध उतू जाण्याआधी कडेला बुडबुडे धरावेत, तसं. पण उरलेल्यांच्या रक्तात काहीच नव्हतं. म्हणजे रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणून बोटांची सूज अंगावर काढायची नाही.

आणि पॉझिटिव्ह आला तर? एकटा आर.ए. फॅक्टर फार भरवशाचा नाही. तो धडधाकट म्हाताऱ्या माणसांतही सापडतो, क्षयरोगात सापडतो, काविळीच्या ‘सी’ विषाणूमुळेही वाढतो. अँटी-सीसीपी त्याहून पुष्कळ खात्रीची. तरी तीही निकाल नव्हे, इशारा. शिबिरात नुसता कागद हातात ठेवतात आणि समजावून कोणी सांगत नाही, याचा आम्हाला खरंच राग येतो.

मग आधी कळून उपयोग काय? २०२४ साली ब्रिटन आणि नेदरलँड्समधल्या अशा २१३ जणांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला, ज्यांच्या रक्तात इशारा होता आणि सांधे दुखत होते, पण सुजलेले नव्हते. वर्षभर अबाटासेप्ट नावाचं इंजेक्शन घेणाऱ्यांपैकी शंभरात सहा जणांना आमवात झाला, न घेणाऱ्यांत एकोणतीस जणांना. मात्र औषध थांबल्यावर हा फरक कमी होत गेला. तेव्हा काहीही दुखत नसताना कुणी इंजेक्शनच्या मागे लागू नये. बिडी-सिगारेटचा धूर मात्र आजच बंद करता येतो; त्याने हा धोका वाढतो, हे पक्कं ठाऊक आहे.

त्या ताईंना आम्ही रिपोर्ट घेऊन सांधेरोगतज्ज्ञांकडे जायला सांगितलं, आणि अँटी-सीसीपी करायची का, ते त्यांनाच विचारायला. शिवाय एक वही ठेवायला सांगितली. सकाळी बोटं आखडतात का, मोकळी व्हायला अर्ध्या तासाहून जास्त लागतो का, भाकरी थापताना किंवा कपडे पिळताना दोन्ही हातांचे सांधे ठणकतात का, रोजची बांगडी अचानक घट्ट होते का. यातलं काही दिसलं, तर महिनाभर तेल चोळत बसायचं नाही. सूज सुरू झाल्यापासून पहिल्या काही महिन्यांत औषध लागू केलं, तर बोटं वाकडी होण्यापासून बरीच वाचवता येतात. ताईंच्या आईला ते औषध मिळालं, तेव्हा सात वर्षं उलटून गेली होती.