न दुखणाऱ्या आजाराची आठवण कोण ठेवणार?

दाढ दुखायला लागली की माणसाला रात्रभर झोप लागत नाही. उजाडताच तो डॉक्टरांचं दार ठोठावतो. पोटात कळ आली, पाय मुरगळला, ताप चढला तर कामधंदा बाजूला ठेवून तो औषध घेतोच. दुखणं हा आपल्या शरीराचा निरोप्या असतो. मधुमेहात मात्र हा निरोप्या बहुधा येतच नाही. रक्तातली साखर वाढलेली असते, तरी माणूस शेतावर जातो, लोकल पकडतो, लग्नाच्या पंगतीत बसतो. वारंवार तहान लागणं, रात्री लघवीला उठावं लागणं, थकवा, वजन घटणं ही लक्षणं जाणवेपर्यंत अनेकदा काही वर्षं निघून गेलेली असतात. तोवर डोळे, मूत्रपिंडं, पायाच्या नसा आणि हृदय यांचं नुकसान सुरू झालेलं असतं.

म्हणून या आजारात एक प्रश्न फार महत्त्वाचा ठरतो. दुखणं आठवण करून देत नसेल, तर ती कोणी करून द्यायची?

आधी आजार समजून घेऊ. आपण भाकरी, भात, पोळी खातो, त्यातल्या पिष्टमय पदार्थांचं शरीरात ग्लुकोज होतं. हे ग्लुकोज रक्तातून पेशींपर्यंत पोचतं. पेशीचं दार उघडायची किल्ली म्हणजे इन्सुलिन. ते स्वादुपिंडात तयार होतं. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशीच नष्ट होतात. हा आजार बहुधा लहान वयात दिसतो आणि त्यात इन्सुलिनचं इंजेक्शन हाच जगण्याचा आधार असतो. १९२२ साली कॅनडातल्या टोरांटो शहरात १४ वर्षांच्या एका मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन दिलं गेलं. त्याआधी अशी मुलं फार काळ वाचत नसत. म्हणून कोणी ‘आमच्या औषधानं मुलाचं इंजेक्शन सुटेल’ असं म्हणालं, तर त्याच्या नादी लागू नये. दुसऱ्या प्रकारात इन्सुलिन असतं, पण पेशीचं कुलूप गंजल्यासारखं होतं आणि पुढे इन्सुलिनही कमी पडू लागतं. आपल्याकडचे बहुसंख्य रुग्ण याच दुसऱ्या प्रकारचे आहेत.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्यानं झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी सुमारे १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. या पाहणीत सर्वाधिक प्रमाण आढळलं ते गोव्यात, शंभरात २६.

‘मी तर बारीक आहे, मला कसला मधुमेह?’ असं अनेकजण म्हणतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांत जन्मलेल्या बाळांची मोजमापं घेतली. ही बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनानं बरीच कमी होती, स्नायूही कमी होते, पण त्या मानानं शरीरातली चरबी फारशी कमी नव्हती. म्हणजे दिसायला बारीक, पण आतून चरबी राखलेली. म्हणून आपल्याकडे नुसत्या वजनावर विसंबता येत नाही, कंबरेचा घेर मोजावा लागतो. पुरुषांत ९० सेंटिमीटरच्या वर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या वर घेर गेला, तर सावध व्हावं.

निदान साधं आहे. उपाशीपोटी रक्तातली साखर १२६ किंवा त्याहून जास्त, अथवा ‘एचबीएवनसी’ ही चाचणी ६.५ टक्के किंवा त्याहून जास्त आली, की मधुमेह धरतात. लक्षणं नसतील तर चाचणी पुन्हा करून खात्री करतात. एचबीएवनसीमुळे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. तपासणीच्या आधी दोन दिवस गोड सोडून या चाचणीला फसवता येत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. मधुमेहाचा रुग्ण वर्षातून चार-सहा वेळा डॉक्टरांसमोर बसतो, तेही दहा-पंधरा मिनिटं. उरलेलं सगळं वर्ष तो स्वयंपाकघरात, शेतात, कारखान्यात, एसटीच्या प्रवासात असतो. मधुमेह आटोक्यात राहतो की नाही, हे तिथेच ठरतं. म्हणून या आजाराची देखभाल घराजवळ हवी.

त्याची व्यवस्था आज आहे. गावागावांत २००५ सालापासून आशा कार्यकर्त्या आहेत. उपकेंद्रं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रं आता ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ या नावानं ओळखली जातात. तिथे ३० वर्षांवरच्या प्रत्येकाची मधुमेह आणि रक्तदाबाची तपासणी व्हावी, असं राष्ट्रीय कार्यक्रमात ठरलेलं आहे. आशाताई घरी येऊन वय, तंबाखू, दारू, कंबरेचा घेर, हालचाल, घरात कोणाला मधुमेह आहे का, अशी माहिती एका फॉर्मवर भरून घेतात. तेव्हा ‘आम्हाला काही झालेलं नाही’ म्हणून त्यांना दारातून परत पाठवू नये. ज्याला काही झालेलं वाटत नाही, त्याच्यासाठीच तर ही तपासणी आहे.

निदान झाल्यावर सर्वांत मोठा धोका असतो गोळ्या सुटण्याचा. रिपोर्ट चांगला आला की रुग्ण म्हणतो, ‘साखर नॉर्मल झाली, आता गोळी कशाला?’ साखर नॉर्मल आली ती गोळीमुळे, पथ्यामुळे आणि चालण्यामुळे. डॉक्टरांना न विचारता गोळी बंद केली, की काही दिवसांत साखर पुन्हा चढते आणि तीही न दुखता. इथे आशाताईंचा ‘महिन्याच्या गोळ्या आणल्या का?’ हा एक प्रश्न मोठं काम करतो.

जेवणाचंही तसंच. पेशंटसाठी वेगळा स्वयंपाक केला, की तो आठ दिवस टिकतो. सगळ्या घराचं ताट बदललं, तरच पथ्य टिकतं. अर्धं ताट पालेभाज्या, फळभाज्या, कोशिंबीर. पाव ताट डाळ, उसळ, अंडं किंवा मासे. आणि पाव ताट भाकरी, पोळी किंवा भात. ज्वारीची भाकरी चांगली, पण चार खाल्ल्या तर साखर वाढणारच. साखरेऐवजी गूळ घेतल्यानं काही साधत नाही, कारण गूळही साखरच. ‘एकादशी दुप्पट खाशी’ ही म्हण मधुमेह्यांना अगदी लागू पडते. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. शिवाय गोळी किंवा इन्सुलिन घेऊन दिवसभर काहीच न खाणं धोक्याचं. उपवास करायचाच असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावं.

हा धोका घरातल्या बाईला अधिक असतो. सकाळी गोळी घेऊन ती कामाला लागते, सगळ्यांची जेवणं झाल्यावर उरलंसुरलं खाते. मधल्या वेळेत साखर उतरते. ७० च्या खाली गेली की घाम फुटतो, हातपाय कापतात, बोलणं असंबद्ध होतं. अशा वेळी शुद्धीवर असलेल्या माणसाला तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच द्यावी, पंधरा मिनिटांत बरं वाटलं नाही तर पुन्हा द्यावी आणि नंतर जेवण द्यावं. शुद्ध हरपली असेल, तर तोंडात काही न घालता थेट रुग्णालय गाठावं. हे शेजाऱ्यांनाही ठाऊक हवं. रस्त्यात झोकांड्या खाणारा माणूस प्यायलेलाच असतो असं नाही.

पायांच्या बाबतीत दुसऱ्याच्या डोळ्यांची गरज अक्षरशः असते. नसांची संवेदना गेली, की काटा रुतलेला कळत नाही, चप्पल चावलेली कळत नाही. वयस्कर माणसाला वाकून स्वतःचा तळवा पाहता येत नाही. नातवंडानं रोज रात्री आजोबांचे तळवे पाहिले, तर पाय वाचू शकतो. अनवाणी चालू नये, पाय गरम पाण्यानं शेकू नयेत, भोवरी ब्लेडनं कापू नये. जखम लहान असली तरी त्याच दिवशी दाखवावी. डोळ्यांच्या पडद्याची आणि लघवीतल्या प्रथिनांची तपासणी वर्षातून एकदा करावी.

या सगळ्याचा उपयोग होतो का? चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या गटानं मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांचा तीन वर्षं पाठपुरावा केला. तो अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना नेहमीचा सल्ला मिळाला, त्यांच्यातल्या शंभरातल्या ५५ जणांना मधुमेह झाला. ज्यांना आहार आणि चालण्याबद्दल वारंवार आठवण आणि मदत मिळत राहिली, त्यांच्यात हे प्रमाण ३९ होतं. फरक पाठपुराव्याचा होता.

आशाताई डॉक्टर नाहीत आणि त्यांच्यावर कामाचा भारही मोठा आहे. केंद्रावर गोळ्याच नसतील, तर त्यांच्या आठवण करण्याला अर्थ उरत नाही. एका दिवसाची मजुरी बुडवून आलेला माणूस रिकाम्या हातानं परतला, तर पुन्हा येईलच असं नाही. म्हणून मधुमेहाच्या गोळ्यांचा साठा आहे का, हा प्रश्न ग्रामसभेत आणि गावाच्या आरोग्य समितीत विचारला गेला पाहिजे.

बाकीचं काम आपल्याला करता येईल. महिला बचत गटाची बैठक दर महिन्याला होतेच. हिशेब झाल्यावर दहा मिनिटं काढून, ज्यांना मधुमेह आहे त्यांनी गोळ्या घेतल्या का, पायाला जखम नाही ना, तपासणी कधी आहे, एवढं एकमेकींना विचारावं. भजनी मंडळानं, सकाळी फिरायला जाणाऱ्या मित्रांनी, सोसायटीतल्या ज्येष्ठांनीही हेच करावं. आणि घरात तिशी ओलांडलेलं जे कोणी अजून तपासून घ्यायचं राहिलं असेल, त्याला येत्या आठवड्यात सोबत करून जवळच्या आरोग्य केंद्रात न्यावं.