पाचारण

कोथरूडच्या कर्वे पुतळ्यापाशी दिवसाकाठी किती बसगाड्या थांबत असतील! 'पुतळा' म्हणायचे आणि उतरायचे, एवढाच आपला त्याच्याशी संबंध. या पुतळ्यापासून मागे जाणारी एक वाट थेट बायबलच्या एका अध्यायाशी पोचते, हे मात्र कुणी फारसे बोलत नाही. मी ख्रिस्ती नाही. पण कोथरूडकर म्हणून ही वाट मला नेहमीच खुणावत आली आहे.

महर्षी कर्व्यांनी १८९३ साली ज्या बालविधवेशी पुनर्विवाह केला, त्या गोदूबाई, म्हणजे पुढच्या आनंदीबाई कर्वे, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या. आणि रमाबाईंना हे काम सापडले ते एका विहिरीच्या गोष्टीत.

१८८३ साली रमाबाई इंग्लंडमध्ये वाँटेजच्या अँग्लिकन मठात राहत होत्या. समाजाने टाकून दिलेल्या बायकांसाठी तिथल्या भगिनी लंडनच्या फुलहॅम भागात एक घर चालवीत. या बायकांना इतक्या मायेने का वागवता, असे रमाबाईंनी विचारले. उत्तरादाखल एका भगिनीने योहानाच्या शुभवर्तमानातला चौथा अध्याय वाचून दाखवला. शोमरोनी बाई पाणी भरायला येते. तिच्या जातीच्या माणसांशी यहुद्यांचा व्यवहार नाही, शिवाय पाच नवरे झालेली. आणि येशू तिच्याकडेच प्यायला पाणी मागतो! पाणवठ्यावरचा विटाळ जन्मापासून पाहिलेल्या मराठी बाईला या गोष्टीवर भाष्य लागत नाही. पुराणे सांगत देशभर पायी हिंडलेल्या रमाबाईंनी बाईला मोक्ष नाही, हे पुष्कळ ऐकले होते.

मराठी ख्रिस्ती लोक अशा हाकेला 'पाचारण' म्हणतात. आपण पाचारण करतो ते पोलिसांना, नाहीतर अग्निशामक दलाला. मला हा शब्द नेमका वाटतो. कुठेतरी आग लागल्याशिवाय कोण कुणाला बोलावतो?

बाप्तिस्मा घेतला म्हणून रमाबाईंनी मान तुकवली असे नाही. बिशपांचे म्हणणे जसेच्या तसे मानायला त्यांनी नकार दिला आणि वाँटेजच्या भगिनींशी पत्रांतून वर्षानुवर्षे वाद घातला. शारदा सदनाला पैसा आला तो अमेरिकेतल्या निरनिराळ्या ख्रिस्ती पंथांच्या लोकांकडून. पुण्यात १८९३ साली सदनातल्या मुलींच्या प्रार्थनेवरून वादळ उठले, रानडे-भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांची धास्ती मला समजते. पण घरी परत नेलेल्या त्या मुलींच्या वाट्याला काय आले असेल, हेही समजते. कर्व्यांनी १८९६ मध्ये धर्मांतराचा प्रश्नच येऊ न देता वेगळा आश्रम काढला आणि १९०० मध्ये तो हिंगण्याला नेला. रमाबाई केडगावला गेल्या. दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली-बायका तिथल्या 'मुक्ती'मध्ये राहिल्या. फुलहॅमसारखेच एक घर, कृपासदन, तिथेही उभे राहिले.

मग त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. का, तर कमी शिकलेल्या बाईलाही समजेल असे मराठी बायबल हवे होते. खिळे जुळवायला मुक्तीतल्याच बायका. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी वारल्या. संपूर्ण बायबल १९२४ साली छापून निघाले.

पंथ बदलला तरी हाक मराठीतच येते, असे मला दिसते. इंग्रज जेझुइट फादर स्टीफन्स यांनी गोव्यात १६१६ साली 'क्रिस्तपुराण' छापले, तेही ओवीत. रेव्हरंड टिळकांना १८९३ साली आगगाडीत एका परक्या प्रवाशाने नवा करार दिला. अमेरिकन मराठी मिशनमध्ये वीसेक वर्षे काम करून १९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि 'देवाचा दरबार' मांडला. लक्ष्मीबाईंना मात्र सोवळेओवळे सोडायला आणि बाप्तिस्म्यापर्यंत यायला वर्षे लागली. त्यांच्या वाटेत हाकेपेक्षा घरातली पाण्याची घागर मोठी होती. पुढे टिळकांचे अपुरे 'ख्रिस्तायन' त्यांनीच पुढे नेले. आपल्या काळात वसईचे कॅथलिक फादर फ्रान्सिस दिब्रिटो. त्यांच्या 'सुबोध बायबल'ला २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. हाच माणूस वसईची हिरवी जमीन वाचवण्यासाठी रस्त्यावर उतरला होता. २०२० साली ते मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले आणि २०२४ मध्ये गेले.

केडगाव पुण्याहून दौंडच्या रेल्वेमार्गावर आहे. मुक्ती मिशन तिथे अजून आहे, आणि आधार नसलेल्या बायका-मुले आजही त्याच्या दारात येतात.