छतावरचं ऊन घरातल्या बोर्डापर्यंत

ठाण्याच्या कोलशेत रस्त्यावर आता उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत. तरी खाडीकडच्या गावात स्वतःचं छत असलेली घरं अजून आहेत. अशा घरांतून सौर पॅनेलची चौकशी होते. सोसायट्यांमधूनही होते, मात्र तिथली गच्ची सर्वांची, म्हणून आधी सोसायटीची परवानगी हवी. पॅनेल किती वॅटचं, अनुदान किती, हे प्रश्न सगळेच विचारतात. घरातल्या वायरिंगला ही वीज जोडायची कशी, हा प्रश्न मात्र वायरमनवर सोडून दिला जातो. खरी जोखीम तिथेच असते.

12 ऑक्टोबर 2020 ची सकाळ आपल्याला आठवत असेल. दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. अशा वेळी छतावर ऊन असूनही साधी, ग्रिडला जोडलेली सौर यंत्रणा बंद पडते. लोकांना ते विचित्र वाटतं, पण ती मुद्दाम केलेली सोय आहे. वीज गेल्यावर महावितरणचा कर्मचारी तारेवर काम करत असतो. आपल्या घरातली वीज उलटी तारेवर गेली, तर वाटेतला ट्रान्सफॉर्मर तिचे हजारो व्होल्ट करतो. बंद समजून हात लावलेली तार जिवंत निघाली, तर त्या माणसाचं काय होईल, हे सांगायला नको.

हायब्रीड इन्व्हर्टर यातून मार्ग काढतो. त्याला चार जोडण्या असतात: पॅनेल, बॅटरी, बाहेरची वीज आणि घराकडे जाणारी बॅकअपची वीज. बाहेरची वीज गेली की तो आतल्या आत ग्रिडपासून स्वतःला तोडतो आणि पॅनेल व बॅटरीच्या जोरावर फक्त बॅकअपची बाजू चालू ठेवतो. म्हणून ग्रिडची आणि बॅकअपची वायर बाहेर कुठेही एकत्र येता कामा नये. दोन्ही टोकांना पिना लावलेली वायर सॉकेटमध्ये खुपसून घर चालवण्याचा प्रकार तर कधीही करू नये.

पहिलं काम घरातल्या उपकरणांच्या वाटणीचं. पाच किलोवॅटचा इन्व्हर्टर 230 व्होल्टला साधारण 22 अँपिअर देतो. दोन किलोवॅटचा गीझर आणि दीड टनाचा एसी एकदम लावले, तर त्याची बरीचशी ताकद तिथेच संपते. म्हणून दिवे, पंखे, फ्रिज, इंटरनेट यांच्यासाठी वेगळा बोर्ड करावा आणि तोच बॅकअपला जोडावा. गीझर, इस्त्री, पाण्याचा पंप मुख्य बोर्डावरच राहू द्यावेत. पाच युनिटची बॅटरी 500 वॅटचा भार आठ-नऊ तास ओढते; गीझर लावला तर दोन-अडीच तासांत रिकामी होते.

दुसरी गोष्ट न्यूट्रलची, आणि बहुतेक चुका इथेच होतात. भारनियमनाच्या काळात घरोघरी साधे इन्व्हर्टर बसले. तेव्हा वायरमन दिव्यांकडे फक्त फेजची एक वायर नेत असे. न्यूट्रल सगळ्यांचा एकच असे. हायब्रीडला ही पद्धत चालत नाही. वीज एका फेजनं गेली आणि भलत्याच न्यूट्रलनं परतली, तर आरसीसीबीला ती गळती वाटते आणि तो सारखा पडतो. काही जण वैतागून तो काढूनच टाकतात. शॉकपासून जीव वाचवणारं साधन असं गमावू नये. बॅकअपच्या बोर्डाला स्वतःचा फेज आणि स्वतःचा न्यूट्रल द्यावा.

त्याला जोडूनच अर्थिंग येतं. ग्रिड तुटल्यावर इन्व्हर्टरचा न्यूट्रल अर्थला जोडलेला नसेल, तर बॅकअपच्या बाजूचा आरसीसीबी गरजेच्या वेळी कामच करणार नाही. काही इन्व्हर्टर ही जोडणी आपोआप करतात, काही करत नाहीत. म्हणून कंपनीच्या माहितीपुस्तकातली आकृती वायरमनसमोर उघडून ठेवावी.

तिसरी बाजू पॅनेलची. आठ मोठी पॅनेल एकामागे एक जोडली, की सुमारे 400 व्होल्टचा डीसी प्रवाह तयार होतो. आपली एसी वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, त्यामुळे तिची ठिणगी विझते. डीसीची ठिणगी जळतच राहते. म्हणून तिथे साधा एमसीबी लावू नये, डीसीसाठीच बनवलेला स्विच लावावा. शिवाय ऊन आहे तोवर पॅनेलच्या तारा जिवंतच असतात, मेन बंद केला तरी. खाडीचा खारा वारा जोडांना गंज आणतो. वर्षातून एकदा, पावसाळ्यानंतर, ते तपासून घ्यावेत.

आता कागदपत्रं. काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यावं आणि महावितरणला कळवावं. जास्तीची वीज ग्रिडला द्यायची तर नेट मीटर लागतो. तो बसण्याआधी वीज बाहेर गेली, तर काही मीटर तीही आपला वापर म्हणून मोजतात आणि बिल उलट वाढतं. तोवर इन्व्हर्टरमध्ये वीज बाहेर न सोडण्याची सोय चालू ठेवावी. पंतप्रधान सूर्यघर योजनेत 2024 पासून घरगुती यंत्रणेला जास्तीत जास्त 78 हजार रुपयांचं अनुदान ठरलं, तेही ग्रिडला रीतसर जोडलेल्या यंत्रणेला.

इन्व्हर्टर बंद पडला तर घर अंधारात राहू नये, यासाठी एक चेंजओव्हर स्विच आवर्जून बसवून घ्या. तो बॅकअपचा बोर्ड थेट महावितरणच्या विजेवर नेतो. त्यात फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम बदलले पाहिजेत.

काम ताब्यात घेताना ठेकेदारासमोर मेन स्विच बंद करा. बॅकअपचे दिवे चालू राहिले पाहिजेत आणि गीझरच्या सॉकेटला टेस्टर लावला तर तो पेटता कामा नये. मग आरसीसीबीचं बटण दाबून तो पडतो का, ते पाहा. शेवटी जोडणीची आकृती आणि ‘इथे दोन बाजूंनी वीज येते’ अशी पाटी मीटरजवळ लावा. उद्या बोर्ड उघडणारा वायरमन किंवा आग विझवायला आलेला जवान आधी ती पाटीच वाचणार आहे.